दहा श्वासांना एक मणी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, चार वर्षं जे प्रोग्रॅमिंग शिकले ते आता मशीन मिनिटात लिहून देतं. मग माझं काय काम?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवस तेच मनात घोळतंय.

बँकेत लागले तेव्हा लेजरची लांबलचक बेरीज मी एका दमात जुळवायचे. त्याचा फार अभिमान होता. संगणक आला आणि ते कसब कुणाला लागेनासं झालं. तुला वाटणारी धास्ती मला ठाऊक आहे गं.

पण मला आठवतात त्या गडचिरोलीच्या दाया. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केली, तेव्हा खेड्यांत लहान मुलं न्यूमोनियानं दगावत होती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाले, की धोका. पण मोजणार कोण? गावात होती ती दाई, आणि बऱ्याच जणींना दहा-बारापुढे मोजता येत नव्हतं. मग एक साधं साधन तयार झालं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि ओळीनं मणी, त्यातला सहावा लाल. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा.

दहा तर येतात ना, मग दहावरच सगळं उभं केलं! मणी कुणीही ओवले असते. दाईला कुठवर मोजता येतं, हे मात्र तिच्याजवळ बसल्यावाचून कळलं नसतं. बंगांच्या दवाखान्याचंही तसंच. मोठ्या इमारतीला आणि एकटं राहण्याला आदिवासी बिचकतात हे कळल्यावर तिथे झोपड्या बांधल्या, नातेवाइकांसकट राहता येतील अशा.

तुझी टीम पैसे पाठवायचं ॲप करतेय म्हणालीस. आजी असल्या ॲपवर शेवटचं बटण दाबताना दर वेळी थांबते आणि मला हाक मारते. का, ते मीही अजून नीट विचारलेलं नाही. दिवाळीला आलीस की तिच्याशेजारी बस. फोन तिच्या हातातून घेऊ नकोस, नुसतं बघ. मग विचार.

तिकीट काढलंस की कळव. आजी रोज विचारते.

तुझी,
आई