एम्ब्रियोची तपासणी करायची का? आई-बाबांना पत्र

पुणे

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही म्हणता, "डॉक्टर सांगतील तसं करा." अडचण हीच आहे की या बाबतीत डॉक्टर 'असंच करा' असं सांगत नाहीत. ते आकडे पुढे ठेवतात आणि निर्णय आम्हा दोघांवर सोडतात. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. तुमच्याकडून थोडी माहितीही हवी आहे, ती शेवटी विचारली आहे.

तपासणीचं नाव पीजीटी-ए. आयव्हीएफमध्ये प्रयोगशाळेत तयार झालेल्या एम्ब्रियोमध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीच्या गर्भात, गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का, एवढंच ती पाहते. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम.मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती बातमी तुम्हाला आठवत असेल. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली जो एम्ब्रियो चांगला दिसेल तो आत ठेवायचा, एवढंच हातात होतं. आजही बहुतेक ठिकाणी प्रत दिसण्यावरूनच ठरते. पण दिसायला उत्तम असलेल्या एम्ब्रियोत ४६ ऐवजी ४७ किंवा ४५ गुणसूत्रं असू शकतात, आणि ते डोळ्यांना कळत नाही.

या चुका वयाबरोबर का वाढतात, तेही सांगते. आई, तुला वाटतं की माझ्या नोकरीच्या धावपळीने हे झालं. तसं नाही. बाईच्या अंड्यांचा सगळा साठा ती जन्मण्याआधीच तयार होतो आणि विभाजन अर्धवट ठेवून थांबतो. गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनंही तेव्हाचीच असतात. चाळीस वर्षांत ती सैल पडतात आणि अंडं पिकताना गुणसूत्रांची वाटणी चुकते. पस्तिशीत साधारण एक तृतीयांश एम्ब्रियो असे चुकीचे निघतात, चाळिशीत निम्म्याहून जास्त, आणि ४२ व्या वर्षी चारातले जवळपास तीन. माझं वय ४१. दुधातून शतावरी घेऊन किंवा प्राणायाम करून हे उलटत नाही. चुकीचे एम्ब्रियो बहुतेक वेळा रुजतच नाहीत, किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडतात. थोडे पुढे जातात, त्यातला सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे डाउन सिंड्रोम. चाळिशीत त्याची शक्यता साधारण शंभर जन्मांत एक असते.

आता प्रत्यक्षात काय करतात ते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस हार्मोनची इंजेक्शनं, मधूनमधून सोनोग्राफी, मग अंडी पूर्ण पिकवणारं शेवटचं 'ट्रिगर' इंजेक्शन. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन अंडी काढतात. पीजीटी असेल तर फलन बहुधा इक्सीने, म्हणजे प्रत्येक अंड्यात एकच शुक्राणू सोडून करतात. नाहीतर बाहेर चिकटलेल्या शुक्राणूंचा डीएनए नमुन्यात मिसळण्याचा धोका राहतो. पाचव्या-सहाव्या दिवशी एम्ब्रियो ब्लास्टोसिस्ट होतो. तेव्हा त्यात दोन भाग दिसतात: आतला पेशींचा पुंजका, ज्यातून बाळ होतं, आणि बाहेरचं आवरण, ज्यातून वार (प्लासेंटा) होते. लेझरने छेद देऊन बाहेरच्या आवरणातल्या पाच ते दहा पेशी काढतात. आतल्या पुंजक्याला हात लावत नाहीत. पेशी जनुकीय प्रयोगशाळेत जातात आणि एम्ब्रियो उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे ट्रान्सफर, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडणं, त्याच महिन्यात होत नाही. पुढच्या एखाद्या पाळीत गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर सात-आठ मिलीमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सुरू करून, साधारण पाच दिवसांनी एम्ब्रियो आत सोडतात.

बिघडण्याच्या जागाही आहेत. पेशी नीट हाती लागल्या नाहीत तर रिपोर्ट 'निकाल नाही' असा येतो. मग वितळवा, पुन्हा पेशी काढा, पुन्हा गोठवा. नाजूक एम्ब्रियोला ही दुहेरी ओढाताण झेपेलच असं नाही. म्हणून पेशी काढणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्टचा हात किती बसलेला आहे, हे मला केंद्राच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं. खर्च दर एम्ब्रियोमागे आकारतात, तोही आयव्हीएफच्या खर्चाशिवाय. गोठवणं, वार्षिक साठवण आणि नंतरचा ट्रान्सफर बहुधा वेगळे धरलेले असतात.

सगळ्यात कठीण आहे ते गणित. समजा, आठ अंडी मिळाली. त्यातली सहा-सात पिकलेली, फलन झालेली चार-पाच, आणि ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचलेले दोन, किंवा एकच. या वयात तिनातला एक बरोबर असतो असं धरलं, तर दोन्ही बाद निघण्याची शक्यता ४४ टक्के होते. तीन असतील तर ३० टक्के. म्हणजे एवढं सगळं करून ट्रान्सफरच होणार नाही, असंही घडू शकतं. ही तपासणी चाळणी आहे, चाळल्याने दाणे वाढत नाहीत.

मग करायची कशाला? युरोपात ३६ ते ४० वयाच्या ३९६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्यात नमुना एम्ब्रियोतून न घेता ध्रुवपिंडांतून, म्हणजे अंडं विभागताना बाहेर टाकतं त्या छोट्या पेशींतून, घेतला होता, पण प्रश्न हाच होता. बाळ जन्माला येण्याचं प्रमाण तपासणी केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही गटांत २४ टक्केच राहिलं. फरक पडला तो गर्भपातात: तपासणीच्या गटात ७ टक्के, दुसऱ्या गटात १४. ट्रान्सफरही कमी करावे लागले. मला या आकड्यांचा अर्थ स्वच्छ दिसतो. ही तपासणी मूल देत नाही, वाया जाणारे महिने आणि गर्भपात कमी करते. एका गर्भपातानंतर शरीर सावरून पुन्हा सुरुवात करायला दोन-तीन महिने सहज जातात, आणि ४१ व्या वर्षी ते महिने स्वस्त नाहीत.

रिपोर्टमध्ये 'बरोबर' आणि 'चुकीचा' यांच्या मधला 'मोझेक' असाही एक प्रकार असतो, म्हणजे काढलेल्या पेशींत काही बरोबर, काही चुकीच्या. बहुतेक प्रयोगशाळा साधारण २० ते ८० टक्के चुकीच्या पेशींना मोझेक म्हणतात. ही चूक फलनानंतरच्या विभाजनात होते, त्यामुळे वयाशी तिचा फारसा संबंध नाही, आणि मोझेक एम्ब्रियोंमधून निरोगी मुलं जन्मलेली आहेत. पूर्ण चुकीच्या एम्ब्रियोची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या एका अभ्यासात निकाल न पाहताच एम्ब्रियो आत ठेवले गेले. नंतर निकाल उघडले तेव्हा पूर्ण चुकीचे निघालेल्या १०२ पैकी एकाचाही गर्भ टिकला नव्हता. म्हणून 'चुकीचा' या शेऱ्यावर मी विश्वास ठेवीन, 'मोझेक' मात्र फेकू देणार नाही. संमतिपत्रावर सही करण्याआधी मोझेकचं काय करणार, हे लेखी घ्यायचं ठरवलं आहे.

आई, काकूने तुला विचारलं ना, मुलगा की मुलगी ते कळेल का? तांत्रिकदृष्ट्या प्रयोगशाळेला दिसतं, पण रिपोर्टमध्ये ते लिहीत नाहीत, आणि विचारणं हासुद्धा गुन्हा आहे. १९८८ साली गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा; २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली, आणि आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्यानेही ती बंद ठेवली आहे. १९९० साली लंडनमध्ये अशा तपासणीनंतरच्या पहिल्या गर्भधारणा झाल्या, तेव्हा पाहिलं होतं लिंगच, पण मुलग्यांनाच होणारे गंभीर आजार ज्या घरांत होते त्यांच्यासाठी. काकूला एवढंच सांग, की आम्हाला ते जाणूनही घ्यायचं नाही.

या तपासणीत हृदयाचे दोष, ऑटिझम, मधुमेह यांतलं काही कळत नाही. बरोबर निघालेला एम्ब्रियोही दर वेळी रुजत नाही. साधारण निम्म्या किंवा थोड्या जास्त वेळा बाळ होतं. गर्भ राहिला तरी अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी), एनआयपीटी ही आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं पाहणारी तपासणी आणि गरज पडल्यास सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलाची तपासणी टळत नाही.

आमचा कल असा आहे: दोन किंवा जास्त ब्लास्टोसिस्ट मिळाले तर तपासायचे. एकच असेल तर तो न तपासता ठेवायचा आणि पुढे एनआयपीटी करायची. आयव्हीएफच्या दोन-तीन फेऱ्यांचे एम्ब्रियो साठवून एकदम तपासा, असंही सुचवलं गेलं, पण त्यात वय पुढे सरकतं; मला ते पटलेलं नाही. कायद्याने पन्नाशीपर्यंत उपचार घेता येतात, पण अंडी कायद्याकडे बघत नाहीत. दात्याच्या अंड्यांचा विचार आम्ही बाजूला टाकलेला नाही, गर्भाशय तेवढ्या लवकर थकत नाही.

आता तुमच्याकडून हवं ते. दोन्हीकडच्या नात्यात कोणाचे दोन किंवा अधिक गर्भपात झाले का? मूल पोटात किंवा वर्षाच्या आत गेलं का? कोणाची वाढ मागे राहिली का, कोणाला लहानपणापासून रक्त चढवावं लागलं का? बाबा, तुमच्या आजी-आजोबांचं लग्न आते-मामे नात्यातलं होतं असं ऐकलंय, ते खरं का? यावर पुढचं बरंच ठरतं. गुणसूत्राचे तुकडे आपसात अदलाबदल झालेले असले, तर माणूस ठणठणीत असतो, पण गर्भ वारंवार पडतात. तेव्हा पीजीटीचा प्रकार बदलतो. आम्हा दोघांचं कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करणार आहोतच. दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसते वाहक, निघालो, तर प्रत्येक एम्ब्रियोला मेजर, म्हणजे गंभीर आजार, होण्याची शक्यता २५ टक्के. मग त्या एका आजारासाठी जी पीजीटी-एम ही तपासणी करतात, तिच्या पूर्वतयारीसाठी तुम्हा दोघांचं रक्तही लागू शकतं. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडंसं रक्त, उपाशी राहायची गरज नाही.

नावं लिहू नका. नातं, बाजू आणि त्या वेळचं वय पुरे. मोठ्या आत्याला विचारावं लागेल, तिला जुनं सगळं आठवतं. हे पुढच्या पाळीआधी हातात हवं, कारण एकदा इंजेक्शनं सुरू झाली की जनुकीय समुपदेशकाकडे जाऊन तपासणीचा प्रकार बदलायला वेळ उरत नाही.

तुमची
मनू