मेघा, क्लेम याच आठवड्यात टाक

प्रिय मेघा,

काल फोनवर अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या भत्त्याचा विषय निघाला तेव्हा म्हणालीस ना, "सरकारपुढे हात पसरायला नको वाटतं गं, कंपनीने काढताना दिलेले सेव्हरन्सचे पैसे आहेत तोवर बघू", ते डोक्यातून जाईना म्हणून बसून सगळं लिहितेय. नीट वाच आणि अमितलाही दाखव.

अगं हे हात पसरणं नाहीच मुळी. अनएम्प्लॉयमेंट हा इन्शुरन्स आहे आणि कॅलिफोर्नियात त्याचा टॅक्स कंपनी भरते, म्हणजे तू इतकी वर्षं तिथे राबलीस तेव्हा तुझ्यामागे तो भरला गेलाय. गाडी ठोकली तर क्लेम करताना आपण लाजतो का? आणि ग्रीन कार्डची भीती काढून टाक, पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर अवलंबून आहे का हे बघताना, अनएम्प्लॉयमेंट धरत नाहीत. एच-वन व्हिसावर असतीस तर गोष्ट वेगळी होती, तिथे 60 दिवसांत दुसरी कंपनी शोधायची आणि कुठेही लगेच रुजू व्हायची मोकळीक नसल्यामुळे क्लेम बसणंच कठीण. तुझं तसं नाहीये.

सेव्हरन्स संपायची वाट बघू नकोस. ईडीडी, म्हणजे हा भत्ता देणारं कॅलिफोर्नियाचं सरकारी खातं, सेव्हरन्सला सहसा पगार धरत नाही, फक्त विचारलं तिथे आकडा खरा लिही. मुख्य गोष्ट ही की तू ज्या आठवड्यात अर्ज करतेस त्याच आठवड्याच्या रविवारपासून क्लेम सुरू होतो, मागची तारीख हवी असेल तर सबळ कारण द्यावं लागतं. वर पहिला आठवडा वेटिंग वीक, त्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणून म्हणते, उशीर केलास तर तेवढं नुकसान.

तुझ्या पगाराला आठवड्याला 450 डॉलर बसतील, जास्तीत जास्त 26 आठवडे, म्हणजे 11,700. हा वरचा आकडा 2005 पासून हललेला नाही, सॅन होजेची भाडी कुठल्या कुठे गेली तरी, आणि याचा मला मनापासून राग येतो. पण किराणा आणि वीजबिल तरी निघेल ना. आणि हो, यावर कॅलिफोर्नियाचा टॅक्स नाही पण फेडरल आहे, तेव्हा सुरुवातीलाच 10 टक्के कापून घ्यायला सांग, नाहीतर एप्रिलमध्ये एकदम भरावा लागतो.

अर्ज ऑनलाइनच कर. आयडी डॉट मी या वेबसाइटवर ओळख पटवावी लागते, तिथे आपल्या नावांचा घोळ होतो, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, सोशल सिक्युरिटीवर नाही, पेस्लिपवर तिसरंच, म्हणून सगळे कागद समोर घेऊन बस. कंपनीचं नाव डब्ल्यू-टूवर, म्हणजे कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवर, आहे तसंच्या तसं टाक. कारण म्हणून 'लेड ऑफ' एवढंच, लांबड लावू नकोस. मग पोस्टाने एक नोटीस येईल, त्यात तिमाहीप्रमाणे तुझा पगार छापलेला असतो, तो पेस्लिपशी ताडून बघ, आणि ती नोटीस आली म्हणजे क्लेम मंजूर झाला असं समजू नकोस. नकार आलाच तर 30 दिवसांत अपील करता येतं.

त्यानंतर दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करायचं, म्हणजे त्या आठवड्यांची माहिती ईडीडीला कळवायची. आजारी होतीस का, पूर्णवेळ काम मिळालं असतं तर घेऊ शकली असतीस का, काम शोधलंस का, नाकारलंस का, काही कमावलंस का, असे प्रश्न असतात. सुहासची नोकरी गेली तेव्हा तो एका वहीत तारीख, कंपनी, कुठली पोस्ट, कोणाशी बोललो हे रोज लिहायचा, तू पण ठेव, विचारलं तर हाताशी असतं.

दोन गोष्टी मात्र तुझ्यासाठी मुद्दाम. तू पुण्याला आईंकडे जायचं म्हणतेयस, जा गं, त्यांनाही बरं वाटेल, पण तिकडे असशील त्या आठवड्यांचे पैसे मागू नकोस, तेव्हा तू इथे कामाला उपलब्ध नसतेस आणि खोटं सांगितलं तर घेतलेले पैसे परत करून वर 30 टक्के दंड. दुसरं, मुलांच्या गणिताच्या ट्यूशन्स. त्या खुशाल घे. समज आठवड्याला 200 कमावलेस तर त्यातले 25 टक्के म्हणजे 50 सोडून देतात, उरलेले 150 वजा होऊन 300 मिळतात, आणि वजा झालेले बुडत नाहीत, तुझ्या क्लेममध्ये शिल्लक राहतात. फक्त काम ज्या आठवड्यात केलं त्यातच दाखवायचं, पैसे हातात कधी आले ते महत्त्वाचं नाही.

घरी बसल्यावर माणूस स्वतःलाच कमी लेखायला लागतं, सुहासचं मी जवळून बघितलंय. इतक्या मोठ्या कंपन्यांनी एका ईमेलवर हजारोंना काढलंय, त्यात तुझ्या कामात काय कमी होतं?

आज गुरुवार आहे. उद्या मुलं शाळेत गेली की लॅपटॉप उघड, शनिवारवर ढकलू नकोस. कुठे अडलीस तर लगेच फोन कर, मी उद्या घरूनच काम करतेय, स्क्रीन शेअर करून बघू.

तुझीच,
वैशाली