परदेशी पदवी मान्यताप्राप्त, पण मान्यता कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकासोबत आलेली परदेशी शिक्षणाची पुरवणी वाचली. व्हिसा, शैक्षणिक कर्ज, तिकडची थंडी, सोबत न्यायचे मसाले, सगळ्यावर लेख आहेत. जाहिरातीही भरपूर आहेत आणि बहुतेकींत ‘मान्यताप्राप्त’ असे ठळक छापले आहे. ही मान्यता कोणी दिली, हे मात्र एकाही जाहिरातीत नाही आणि एकाही लेखाने ते विचारलेले नाही. माझी उभी नोकरी विद्यापीठाच्या पात्रता विभागात झाली. परदेशात शिकून आलेल्या मुलांची कागदपत्रे तपासणे हे तिथले एक काम. म्हणून हा पत्रप्रपंच.

पालक टेबलासमोर बसले की आधी अपॉस्टिलचा कागद पुढे करत. “साहेब, हे बघा, सरकारी शिक्का आहे.” शिक्का खराच असे. पण १९६१ च्या हेग करारानुसार दिले जाणारे अपॉस्टिल (भारतात तो करार २००५ पासून लागू आहे) एवढेच सांगते, की कागदावरची सही आणि मोहोर ज्याची म्हणून आहे त्याचीच आहे. पदवी देणारी संस्था खरी की खोटी, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. कित्येकदा ते मूळ पदवीवर नसतेच. पदवीच्या झेरॉक्सवर एखाद्या नोटरीने सही केलेली असते आणि अपॉस्टिल त्या नोटरीच्या सहीला मिळालेले असते. कागदावर सोनेरी सील, लाल फीत, होलोग्राम जितके जास्त, तितके आमचे जुने हेडक्लार्क चष्मा पुसून तो कागद जवळ ओढत.

खरे तर पहिली चौकशी घरबसल्या, फुकटात होते. ती संस्था तिच्या स्वतःच्या देशात विद्यापीठ म्हणून धरली जाते का, एवढेच पाहायचे. ब्रिटनचे सरकार पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांची यादी जाहीर करते आणि त्यांच्या पदवीसाठी फक्त शिकवणाऱ्या कॉलेजांची यादी वेगळी ठेवते. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा अभ्यासक्रम ‘क्रिकॉस’ नोंदणीत असावा लागतो. कॅनडात संस्थेला ‘डीएलआय’ क्रमांक, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेण्याच्या परवानगीचा क्रमांक हवा, मात्र तो असला म्हणजे शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळेलच असे नाही. ते अभ्यासक्रमागणिक बघावे लागते. जर्मनांनी तर जगभरच्या संस्थांची ‘अनाबिन’ नावाची सूची करून ठेवली आहे. तिच्यात संस्थेपुढे ‘एच प्लस’ (मान्य) किंवा ‘एच मायनस’ (अमान्य) असा सरळ शेरा असतो. जर्मनीला जायचे नसले तरी ती बघायला पैसे पडत नाहीत.

अमेरिकेत जरा जपून. तिथे केंद्र सरकार स्वतः कोणत्याही विद्यापीठाला मानांकन देत नाही. ते काम खासगी संस्था करतात, आणि त्यातल्या कोणत्या संस्था ग्राह्य धरायच्या हे तिथले शिक्षण खाते आणि ‘चिया’ ही परिषद ठरवते. त्यामुळे बोगस विद्यापीठ काढणारा माणूस सोबत एक बोगस मानांकन संस्थाही काढतो आणि दोन्हींची संकेतस्थळे एकमेकांची साक्ष देतात. कराचीतल्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचे प्रकरण २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बाहेर काढले, तेव्हा अशी शेकडो संकेतस्थळे एकाच छपराखालून चालत असल्याचे दिसले. मिशिगनमधल्या ‘फार्मिंग्टन विद्यापीठा’ची गोष्ट तर त्याहून विचित्र. ते अमेरिकी सरकारनेच सापळा म्हणून उभे केले होते आणि अधिकृत यादीतही होते. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, फी तेवढी घेतली जाई. २०१९ मध्ये धरपकड झाली तेव्हा ताब्यात घेतलेल्यांत १२९ भारतीय होते. म्हणून यादीत नाव सापडले तरी वेळापत्रक मागावे, तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाशी बोलावे.

ही परीक्षा पास झालेली पदवी इथे चालेलच असे नाही. पूर्वी समकक्षतेसाठी, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची ठरवून घेण्यासाठी, दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ संघाकडे, म्हणजे एआययूकडे जावे लागे. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) त्यासाठी स्वतःचे विनियम काढले. त्यांत एक गोष्ट स्वच्छ लिहिली आहे: फ्रँचायझी पद्धतीने दिलेल्या पदवीला समकक्षता मिळणार नाही. एड-टेक कंपन्यांनी अमान्य परदेशी विद्यापीठांशी संगनमत करून दिलेल्या ऑनलाइन पदव्यांबद्दल तर यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्येच सावध केले होते. तरीही ‘लंडनची पदवी, आपल्याच शहरात’ असे फलक आमच्या एसटी स्टँडसमोर अजून झळकत आहेत. नवी मुंबईत सिडकोच्या एज्युसिटीत येऊ घातलेल्या यॉर्क, अ‍ॅबर्डीन वगैरे विद्यापीठांचा दाखला हे दुकानदार आता सर्रास देतील. त्या विद्यापीठांना यूजीसीच्या २०२३ च्या नियमांखाली इरादापत्रे मिळाली आहेत, हे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ‘टाय-अप’ करून बसलेल्यांना लागू होत नाही.

सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त रडारड वैद्यकीय शिक्षणात आहे. डॉक्टरकी, फार्मसी, नर्सिंग, वकिली, आर्किटेक्चर यांना यूजीसीचे हे विनियम लागूच नाहीत; त्या-त्या परिषदेचा कायदा चालतो. एमबीबीएससाठी परदेशी गेलेल्या मुलाला राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे (एनएमसी) नोव्हेंबर २०२१ चे विनियम बंधनकारक आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, शिकवणे इंग्रजीतून आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याची नोंदणी मिळण्याजोगी पदवी. परत आल्यावर चाळणी परीक्षा आणि इथे पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. यातली एक अट चुकली तर पाच-सहा वर्षे आणि विकलेली दोन एकर जमीन दोन्ही पाण्यात. फिलिपिन्समध्ये ‘एमडी’च्या (ही तिकडची एमबीबीएससारखी पदवी) आधी ‘बीएस’ करावी लागते, तो काळ या ५४ महिन्यांत धरत नाहीत. एजंटच्या माहितीपत्रकात तो बेमालूम जोडलेला असतो. त्या माहितीपत्रकावर ‘एनएमसी ॲप्रूव्हड’ असे ठसठशीत लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे. आयोग परदेशी कॉलेजांची मान्य यादी काढतच नाही. म्हणजे असे छापणारा माणूस पहिल्या ओळीतच खोटे बोलतो आणि पुढची पाने वाचायचे कारण उरत नाही. दुसरा पुरावा म्हणून दाखवतात ती वैद्यकीय महाविद्यालयांची जागतिक निर्देशिका. तीत नाव असणे म्हणजे मान्यता नव्हे, हे त्या निर्देशिकेनेच लिहून ठेवले आहे.

शाळेचे प्रकरण त्यामानाने सोपे. आखातातून सीबीएसई करून आलेल्या मुलाला काही अडचण नसते, केंब्रिज किंवा आयबीवाल्यांचीही वाट मळलेली आहे. अडतात ते एखाद्या ऑनलाइन अमेरिकी हायस्कूलचा डिप्लोमा घेऊन येणारे. त्यांनी पहिला हप्ता भरण्याआधीच मंडळाची मान्यता बघावी.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. पंचतारांकित हॉटेलात शाल, श्रीफळ आणि कुठल्याशा बेटावरच्या विद्यापीठाची मानद डॉक्टरेट घेऊन आलेल्या मंडळींचे फ्लेक्स गल्लोगल्ली लागलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी आपलीच स्थानिक पाने त्यांची नावे ‘डॉ.’ लावून छापतात. निदान बातमी लिहिणाऱ्याने विद्यापीठाचे नाव शोधून पाहावे. अशा बातम्यांमुळेच त्या नावांना वजन येते आणि मग तेच नाव एखाद्या कन्सल्टन्सीच्या काचेवर चढते.

सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात मदत कक्ष काढावा वगैरे मागणी मी करत नाही. तो निघेल तेव्हा निघेल. माझे म्हणणे आपल्या जाहिरात विभागाशी आहे. परदेशी शिक्षणाची जाहिरात घेताना तीन रकाने भरून मागा: संस्थेचा तिच्या देशातला अधिकृत नोंदणी क्रमांक आणि तो कोणत्या यादीत आहे, पदवी कोणते विद्यापीठ देणार, आणि भारतात ती कोणत्या नियमाखाली ग्राह्य. ही माहिती जाहिरातीतच, वाचता येईल अशा टायपात छापा. खऱ्या विद्यापीठाला ती द्यायला दहा मिनिटे लागत नाहीत. जो आढेवेढे घेईल त्याची जाहिरात परत करा, थोडे उत्पन्न बुडेल. नीटचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवसापासून सेमिनार सुरू होतात आणि सीट अडवायला म्हणून आगाऊ रक्कम घेतली जाते, तेव्हा हे त्याआधी व्हावे अशी विनंती.

कळावे,

आपला,
निवृत्त कक्ष अधिकारी (पात्रता विभाग),
सातारा