बरोबरी घ्यावी की खेळत राहावं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

बुद्धिबळाच्या एंडगेममध्ये, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, समोरच्यानं बरोबरी विचारली की हो म्हणायचं की नाही, हे ठरवायचं कसं, असं तू विचारलंस. उत्तर थोडं लांबणार आहे, तेव्हा पट मांडूनच वाचायला बस.

आधी नियम, कारण घाईत तिथंच फसगत होते. बरोबरी विचारायची रीत अशी की आधी चाल करायची, मग विचारायचं आणि मग घड्याळ दाबायचं. म्हणजे विचार तुला तुझ्या वेळात करायचा असतो. दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. तू तोंडी नकार देईपर्यंत किंवा खेळायच्या हेतूनं मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो कायम राहतो. म्हणून प्रस्ताव आला की हात पटापासून लांब ठेव, स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) कंसात बरोबरचं चिन्ह कर आणि मग शांतपणे बस. काहीजण चाल न करताच विचारतात. त्यांना एवढंच म्हणायचं, ‘आधी चाल करा.’ प्रस्ताव तसाच लागू राहतो आणि त्यांची चालही तुला बघायला मिळते. ती चाल चूक निघाली तर नकार द्यायला तू मोकळा.

आता हिशेब. विजयाला १, बरोबरीला अर्धा, पराभवाला शून्य. बरोबरीच्या तुलनेत जिंकून अर्धा गुण वाढतो, हरून अर्धा जातो. रेटिंगचंही तेच आहे. समोरचा २०० गुणांनी वरचा असेल आणि तुझा के-फॅक्टर (रेटिंग किती वेगानं बदलतं ते ठरवणारा आकडा) २० असेल, तर बरोबरीत साधारण ५ गुण मिळतात, जिंकलास तर १५, हरलास तर ५ जातात. दोन्हीकडे अंतर १० चंच. म्हणजे ‘वरच्या रेटिंगचा आहे, बरोबरी म्हणजे फायदाच’ या विचारात तथ्य नाही. प्रश्न एकच उरतो: इथून माझी जिंकायची शक्यता हरायच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे का? शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणावर बक्षीस ठरणार असेल किंवा विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण अशी पद्धत असेल, तरच हे गणित बदलतं.

ही शक्यता ठरवताना ‘थिअरीत बरोबरी आहे’ हे उत्तर पुरत नाही. दुबईत २०२१ च्या विश्वविजेतेपद लढतीतला सहावा डाव बघ. कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, नेपोम्नियाचीकडे एकटा वजीर. टेबलबेसच्या, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांच्या स्थितींची संगणकानं काढलेली अचूक उत्तरं असतात त्याच्या, हिशेबानं डाव बरोबरीचा होता. १३० व्या चालीला वजीर चुकीच्या घरात गेला आणि १३६ व्या चालीला कार्लसननं डाव जिंकला. टेबलबेस दमत नाही, माणूस दमतो. तेव्हा अचूक चाली कुणाला शोधायच्या आहेत ते बघ. एका बाजूला कुठलीही चाल चालते आणि दुसरीला दर वेळी एकच चाल वाचवते, अशी स्थिती असेल आणि तू पहिल्या बाजूला असशील, तर बरोबरी घेऊ नकोस.

सगळ्यात जास्त प्रस्ताव हत्तींच्या एंडगेममध्ये येतात, म्हणून तिथं जरा थांबतो. एक हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध हत्ती यात दोन टोकं डोळे मिटून यायला हवीत. लुसेना नावाच्या मांडणीत प्यादं सातव्या रांगेत, राजा त्याच्या पुढ्यात आणि समोरचा राजा एका उभ्या पट्टीपलीकडे अडवलेला असतो. हत्ती चौथ्या रांगेत आणून शहांपासून आडोसा करायचा आणि डाव जिंकायचा. कडेचं प्यादं असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. दुसरं टोक फिलिडॉर, म्हणजे बरोबरीचा बचाव. पांढऱ्याचं प्यादं ई५ वर (अक्षर उभ्या पट्टीचं, अंक आडव्या रांगेचा), राजा डी५ वर, काळ्याचा राजा ई८ वर आणि हत्ती ए६ वर. काळा हत्ती सहाव्या रांगेतून हलवायचा नाही. प्यादं ई६ वर आलं की लगेच हत्ती ए१ वर न्यायचा आणि मागून शह देत राहायचे, कारण पांढऱ्या राजाला लपायला आता ई६ उरलेलं नसतं. समोरच्याचा हत्ती सहावी रांग सोडून आठव्या रांगेत बचावाला बसला असेल आणि प्यादं मधल्या पट्टीवर असेल, तर बरोबरी नाकार. तो बचाव सहसा कोसळतो. घोड्याच्या (बी किंवा जी) किंवा कडेच्या पट्टीवर मात्र तसं बसूनही डाव वाचतो.

कडेच्या प्याद्याची एक जागा बारकाईनं बघ. पांढऱ्याचा हत्ती ए८, प्यादं ए७, काळ्याचा हत्ती ए-पट्टीवर मागे. काळा राजा जी७ किंवा एच७ वर असेल तर बरोबरी. तोच राजा एफ७ वर असेल तर पांढरा एच८ ला हत्ती नेतो. काळ्यानं ए७ चं प्यादं मारलं की एच७ वरून शह, आणि सातव्या रांगेतला हत्ती गेला. एका घराचा फरक! प्यादं अजून ए६ वरच असेल तर काळ्यानं हत्ती एफ६ वर ठेवून बाजूनं दाब ठेवायचा. पांढरा राजा प्याद्याला आधार द्यायला आला की बाजूनंच शह सुरू. याला वांचुरा म्हणतात. समोरच्याला ही मांडणी ठाऊक आहे की नाही, ते त्याच्या राजाच्या चालींवरून कळतं. राजा उगीच मध्याकडे निघाला असेल तर नाही म्हण.

एकाच बाजूला चार विरुद्ध तीन प्यादी आणि हत्ती, ही स्थिती तुझ्या डावांत नेहमी येते. जास्तीचं प्यादं तुझ्याकडे असेल तर तुला धोका जवळजवळ शून्य, कष्ट समोरच्याला. काळ्यानं वेळेवर एच५ खेळलं असेल तर तो सहसा वाचतो. त्याआधी तुझं जी४ झालं तर त्याचा बचाव फार अवघड होतो. अशा वेळी बरोबरी घेणं हे मला पटतच नाही. तीस चाली खेळून बघ, बरोबरी तेव्हाही मिळेल.

विरुद्ध रंगांच्या उंटांत, म्हणजे एकाचा उंट पांढऱ्या घरांचा आणि दुसऱ्याचा काळ्या घरांचा असताना, नुसती प्यादी मोजू नकोस. दोन प्यादी जास्त असूनही डाव जिंकता येत नाही असं होतं. मोकळी प्यादी एकमेकांपासून किती पट्ट्या लांब आहेत ते बघ. जितकी लांब, तितकं समोरच्या राजाला अवघड. पण पटावर हत्तीही असतील तर हेच विरुद्ध रंगांचे उंट हल्ला करणाऱ्याच्या कामी येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: उत्तर देण्याआधी प्रत्येक संभाव्य मारामारीनंतरचा फक्त राजा-प्याद्यांचा डाव मोजून घे. तिथं ‘थोडं बरं, थोडं वाईट’ असं नसतं. प्यादं डी४ वर असेल तर राजा सी६, डी६ किंवा ई६ गाठतो का, एवढंच बघायचं. गाठला तर विजय. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ ला गुकेश आणि डिंग यांच्या विश्वविजेतेपद लढतीतला चौदावा डाव असाच संपला. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण स्थिती बरोबरीची होती. ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणून मारामारी देऊ केली. हत्ती गेले, मग कोपऱ्यात सापडलेल्या उंटाचीही मारामारी टळेना, आणि उरलेला प्याद्यांचा डाव गुकेशचा होता. तोपर्यंत गुकेश खेळत राहिला होता, हे ध्यानात घे.

कडेचं प्यादं आणि उंट उरणार असेल तर उंटाचा रंग तपास. एच८ काळं घर आहे; पांढऱ्या घरांचा उंट असेल आणि समोरचा राजा त्या कोपऱ्यात पोचला तर जास्तीच्या उंटाचा काही उपयोग नाही. तेव्हा आलेला प्रस्ताव घेऊन टाक.

घड्याळाचंही बघ. चालीमागे ३० सेकंद मिळत असतील तर चांगली बाजू धरून ठेवता येते. असं इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारा जादा वेळ) नसेल तर हत्ती विरुद्ध हत्तीतही वेळ संपला की पराभव, कारण मात करणं नियमाच्या दृष्टीनं शक्य असतं. तुझ्याकडे दोन मिनिटं आणि त्याच्याकडे दहा असतील, तर प्यादं जास्त असूनही बरोबरी घे. उलट, जास्तीचं प्यादं असलेला माणूस स्वतःहून बरोबरी विचारत असेल तर आधी त्याचं घड्याळ बघ.

नकार दिल्यावर मात्र चांगली चाल करायची घाई नको. राजा पुढे आण, स्थिती दोनदा येऊ दे, तिसऱ्यांदा टाळ, आणि समोरच्याला ठरवायला लाव. प्यादं न हलता आणि मारामारी न होता गेलेल्या पन्नास चालींचा हिशेब स्कोअरशीटवर ठेव. त्यावरून किंवा स्थिती तिसऱ्यांदा आल्यावरून बरोबरीचा दावा करायचा असेल तर चाल लिहून, न करता, आर्बिटरला (पंचाला) सांगायचं. चुकीचा ठरला तर समोरच्याला दोन मिनिटं मिळतात.

हत्ती-उंट विरुद्ध हत्ती ही स्थिती दोन्ही बाजूंनी घड्याळ लावून खेळून बघ. बचाव करताना राजा आणि हत्ती कडेच्या लगतच्या रांगेत ठेव. कितव्या चालीला मोडतोस ते मला लिहून पाठव, त्या चालीपासून पुढचं बोलू.

तुझा,
अविनाश