दुसरी किल्ली

१८ जून

चि. भूषण यास अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचं तुझ्या आईकडून कळलं. अमळनेरहून गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून हात केला नाहीस. सशांची टोपली मांडीवर होती आणि दोन्ही हात टोपलीवर होते, हे मला दिसत होतं. तरी घरी येईपर्यंत मी तेच मनात धरून बसलो. फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, म्हणून लिहितोय. जमेल तेव्हा वाच, एका बैठकीत नाही वाचलंस तरी चालेल.

आधी माझी चूक. केळी मीच दिली. मार्चमध्ये कापूस आणि मिरी दोघांना इथं ठेवून गेलास तेव्हा तू कागदावर सगळं लिहून दिलं होतंस. सुकं गवत पाहिजे तेवढं, पाला मूठभर, गोळी-खाद्य एक चमचा, फळ नखाएवढं. कागद देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलेला होता आणि मी तो रोज वाचत होतो. पण विहिरीजवळच्या केळीचा घड उतरवला, आणि कापूस मागच्या पायांवर उभा राहून माझ्या गुडघ्याला नाक लावायला लागला. जनावराने इतक्या विश्वासाने मागावं आणि आपण नखाएवढं द्यावं, हे माझ्याच्यानं झालं नाही. आज अर्धं केळ, उद्या अर्धं. दहा-बारा दिवसांत त्याने गवताला तोंड लावणं सोडलं, आणि मी समजलो की उन्हामुळे खात नसेल.

मे महिन्यातली ती सकाळ मी विसरणार नाही. मधल्या घरात कोपऱ्यात तो पाठीला कुबड काढून बसला होता. कान गार. डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजत होते. खाली झाडलं तर मिरीच्या लेंड्या होत्या, त्याची एकही नव्हती. जिजी काठी टेकत आली आणि म्हणाली, "काय व्हयनं रे याले?" मला उत्तर देता आलं नाही. चाळीस वर्षं गुरं सांभाळली, फुगलेली गाय वाचवली, अडलेली म्हैस सोडवली, आणि दोन किलोच्या जिवापुढे माझे हात थांबले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की मी गाई-म्हशींचा माणूस, पण थांबा. त्यांनी त्यांच्या एका मित्राला फोन लावला, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं आणि मला समोर बसवून समजावलं. गाय रवंथ करते, सशाचं तसं नाही. त्याला उलटीही होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे. त्याच्या आतड्याला एक मोठी पिशवी असते, तिथले जंतू गवताच्या तंतूवर जगतात. तंतू तुटला आणि वरून साखर गेली की तिथं वायू धरतो. पोट दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून पोट आणखी थांबतं. बारा तास ससा खात नसेल तर उद्या बघू म्हणायचं नाही, असं ते म्हणाले.

त्या रात्री गोळी-खाद्य भिजवून, कोथिंबिरीसोबत वाटून, सुई काढलेल्या पिचकारीने मी त्याला भरवत बसलो. पुढच्या दातांच्या मागे गालाकडून थोडं थोडं, तो गिळेपर्यंत थांबून. घाई केली तर श्वासात जातं. मिरी रात्रभर त्याच्या अंगाला अंग लावून बसली होती आणि मधूनमधून त्याचं कपाळ चाटत होती. पहाटे चारच्या सुमारास एक लेंडी पडली. मसुराएवढी, वाकडी, केसांत गुंतलेली. मी ती तळहातावर घेऊन दिव्याखाली नेली आणि तुझ्या आईला उठवलं. दोघं जण उभे राहून बघत होतो.

हे तुला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तू कामावरून धावत येशील, रात्रीच्या गाडीत उभा येशील, पगार कापतील, असं मनात आलं आणि आम्ही बोललो नाही. जिजीच्या तोंडून तुला कळलं, तेही ताट पुढ्यात असताना. तू अर्ध्या भाकरीवर उठलास. "तुम्हाला जिवाची किंमत नाही, नाना," असं म्हणालास. ते राहू दे. पण "लपवलं कशाला" हे जे विचारलंस, ते माझ्या मनातून जात नाही. कारण हाच प्रश्न मी तुला विचारला होता. नाशिकच्या होस्टेलमध्ये टायफॉइडने नऊ दिवस पडून होतास आणि रोज फोनवर आईला "जेवलो" म्हणत होतास. तुझ्या खोलीतल्या पोराने कळवलं नसतं तर काय झालं असतं?

हे काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो. निघालंच.

डॉक्टर म्हणाले की ससा दुखणं दाखवत नाही. रानात जो लंगडा दिसेल त्याला कोल्हा आधी धरतो, म्हणून शेवटच्या घटकेपर्यंत तो धडधाकट असल्यासारखा बसतो. तो दाखवणार नाही, बघणाऱ्यालाच दिसलं पाहिजे. आणि तुझी खोली चौथ्या मजल्यावर, वर नुसता स्लॅब. तू सकाळी आठला कुलूप लावतोस, रात्री आठला उघडतोस. तेही बारा तासच होतात, भूषण. मध्ये बघायला कोण?

म्हणून सकाळी निघण्याआधी त्यांच्यासमोर पाच मिनिटं बस. लेंड्या बघ, गोल, कोरड्या, हरभऱ्याच्या आकाराच्या असल्या पाहिजेत. लहान झाल्या किंवा माळेसारख्या केसांत ओवल्यासारख्या आल्या तर त्याच दिवशी जागा हो. रोजचा आवडता पाला हाताने पुढे धर. कापूस कोथिंबिरीवर धावला नाही तर ती नुसती लहर आहे असं समजू नकोस. दात हळू घासले तर तो सुखात आहे, जोरात करकर वाजले तर दुखतंय. हे मला त्या रात्री कळलं. सशाचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात, ते झिजायला गवतच लागतं, गाजराने काही होत नाही. आणि कुठल्या दुकानदाराने गोचिडीचं कुत्र्याचं औषध दिलं तर आधी नाव वाच, फिप्रोनिल सशाला विष आहे. पेनिसिलिन जातीची औषधंही तोंडाने द्यायची नाहीत, पोटातले जंतू मरतात.

आता पाऊस लागेल. तुमच्या सुरतेला तो इथल्यापेक्षा जास्त. माशा वाढल्या की रोज त्यांची मागची बाजू उलटून बघ. ओल्या, घाण केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. बैलाच्या खांद्याला पडलेल्या अळ्या तू लहानपणी पाहिल्या आहेस, त्या वेळी ढवळ्याजवळ रात्रभर बसला होतास. बैल मोठा असतो, तग धरतो. सशाला तेवढी उसंत नसते. घाण झाली म्हणून आंघोळ मात्र घालू नकोस, धसक्यानेच जातात. ओल्या फडक्याने तेवढंच पुसून कोरडं कर.

किती शिकवतोय मी. तुझाच कागद तुला परत वाचून दाखवतोय. माफ कर. ज्याने सशांना खोक्यातच मुतायची सवय लावली, वायरींवर नळ्या चढवल्या, जाळीवर पाय सोलतात म्हणून खाली गोधडी अंथरली, त्याला मी काय सांगणार? पहिल्या बोनसमधून तू दोघांची नसबंदीची ऑपरेशनं केलीस तेव्हा मी बोललो होतो की सशांवर एवढे पैसे घालतात का. डॉक्टरांनी सांगितलं की मादी महिन्याभरात विते, आणि ऑपरेशन नाही केलं तर पुढे गर्भपिशवीत गाठी होतात. तेव्हा मी त्यांना म्हणालो, माझ्या पोराने हे दोन वर्षांपूर्वीच केलंय. घरी येताना पारावर पण सांगितलं. तुझे आबा म्हणायचे, भूषणच्या हाताला जनावर ठरतं. ते उगाच कुणाला चांगलं म्हणत नव्हते, तुला माहीत आहे.

आबांवरून आठवलं. ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी नऊ वर्षांचा असेन. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापायला सगळे शेतात होतो. कापत कापत पुढे गेलो तर बुडख्यांमध्ये एका खळगीत सशाचं पिल्लू. रानातला ससा बीळ करत नाही. त्याचं पिल्लू जन्मतःच केसाळ असतं, डोळे उघडे असतात. आपल्या कापूस-मिरीची जात वेगळी, त्यांची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. ते हाललं नाही, पळालं नाही, नुसतं माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं त्याला कुणी नाही. टोपीत घालून घरी आणलं. कापसाच्या वातीने गाईचं दूध पाजलं. आबा संध्याकाळी घरी आले, टोपीत पाहिलं आणि म्हणाले, "त्यानी माय शे रे तठे." त्याची आई तिथंच आहे. ती दिवसा जवळ येत नाही, कोल्ह्या-कुत्र्याला वास लागू नये म्हणून. अंधार पडला की येते, पाजते, जाते. मी कंदील घेऊन परत निघालो. वाटेत अंधार झाला, दादरीचं रान सगळं सारखंच दिसत होतं, खळगी सापडली नाही. रात्री उशाशी घेऊन झोपलो. तिसऱ्या दिवशी ते गेलं. आता तर कायद्यानेच रानातला ससा घरात ठेवता येत नाही. तेव्हा आम्हाला कुठला कायदा. आबा मला रागावले नाहीत. त्यांनी कुदळ घेतली आणि मला सोबत नेलं.

केळीचा तुकडा हातात धरताना मला ते पिल्लू आठवायला पाहिजे होतं.

उन्हाचं एक सांगतो आणि मग थांबतो. इथं पारा पंचेचाळिसावर गेला तरी दोघं तरले, त्यात माझी हुशारी नाही, आबांचं धाब्याचं, मातीच्या छताचं घर आहे. फुटक्या माठाचा बुडखा मी ओला करून पालथा ठेवायचो, कापूस त्यावर पोट टेकून पसरायचा. तो बुडखा तू नेला नाहीस, मी पाठवतोय. सशाला घाम येत नाही, मुख्यतः कानांतून उष्णता जाते. तिशीच्या पुढे पारा गेला की पाण्याची बाटली बर्फ करून फडक्यात गुंडाळून जवळ ठेव, कानांवरून ओला हात फिरव. गार पाण्यात बुडवू नकोस. पंख्याची हवा थेट अंगावर नको. आणि दिवसा लाईट गेली तर? पंखा बंद, स्लॅब तापलेला, दार बंद, आणि तू कंपनीत. परत तिथंच आलो मी.

समोरच्या खोलीतल्या मावशी आपल्या शिंदखेड्याकडच्या आहेत असं तू म्हणाला होतास. दिवसभर घरी असतात. त्यांच्याकडे दुसरी किल्ली देऊन ठेव. दुपारी एकदा दार उघडून बघितलं, पाण्याची वाटी भरली, तरी पुष्कळ. दार उघडताना हळू उघडा म्हणावं, दचकले की ससे स्वतःलाच लाथ मारून पाठ मोडून घेतात. उचलायचंच झालं तर कान धरून कधी नाही, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. किल्ली फक्त सशांसाठी दे असं मी म्हणत नाही. तुझं अंग तापलं तर त्याही दार वाजवतील. आई म्हणते हे लिहू नको, पोरगा चिडेल. लिहिलं.

मंगळवारी किसनभाऊंचा मुलगा सुरतेला येतोय. त्याच्याबरोबर दोन बारदानं देतोय. मारवेलचं गवत आहे, मागच्या दिवाळीत सावलीत वाळवलेलं, अजून हिरवं आहे, वास घेऊन बघ. कपाशीच्या बांधावरचं एक काडीही नाही, तिथं फवारणी होते. हे मी एकट्याने नदीकडच्या पडीतून कापलं होतं, गाईसाठी. लसूणघास पाठवत नाही. जिजीला वाटतं नावात लसूण आहे म्हणून वर्ज्य. कारण ते नाही, मोठ्या सशांना त्यातला चुना जास्त होतो आणि लघवी गढूळ होते. पण जिजीला मी ते समजावलं नाही, ती त्यांच्या पानात लसूण पडू नये म्हणून इतकं जपत होती.

बारदानाच्या वर एक वेगळी पिशवी आहे, ती तुझी. बिबड्या आहेत, कळण्याचं पीठ आहे, आईने शेव केली आहे. भाकरी थापायचा कंटाळा करू नकोस.

कापूस आता गवत खातो का, एवढं कळव. मला फोन करायचा नसेल तर आईला सांग, मी शेजारीच बसलेला असतो. मिरी अजून त्याचं कपाळ चाटते का तेही सांग. आणि किल्ली दिलीस का, ते लिही.

तुझा,
नाना