टाकीत मोरचूद टाकू नकोस

ठाणे,
रविवार सकाळ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

माशांच्या टाकीचे फोटो मिळाले, पाणी पार हिरवं झालंय. तातडीचं आधी सांगतो. दुकानातून आणलेली ती निळी बाटली उघडू नकोस आणि शेजारच्या काकांनी सुचवलेलं मोरचूद तर टाकीच्या जवळही आणू नकोस. बाटलीवर कॉपर लिहिलंय म्हणतोस, आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तेही तांब्याचंच, म्हणजे दोन्ही एकच. द्राक्षावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतो तेव्हा त्यातलं तांबं बुरशीला मारतं. पाण्यात तेच तांबं शेवाळ मारतं, पण माशाच्या कल्ल्यांनाही इजा करतं. शेवाळ मरेल आणि मासा जगेल अशी जी मात्रा असते, ती अगदी बारीक फटीत बसते. पाण्यात क्षार किती, टाकीत नेमके किती लिटर, यावर ती हलते. गोगलगायी आणि शोभेच्या कोळंब्या तर त्याहून कमी तांब्यात जातात.

आणि समज, मात्रा बरोबर साधली तरी सगळं शेवाळ एका रात्रीत मारणं हेच धोक्याचं. मेलेलं शेवाळ कुजतं, कुजवणारे जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढतात. चिनूला पहाटे जे दिसलं, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करताहेत, ते ऑक्सिजन कमी पडल्याचं लक्षण. हिरव्या पाण्यात औषध न टाकताही ते होऊ शकतं, कारण दिवसा ऑक्सिजन सोडणारं शेवाळ रात्री तोच वापरतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पंढरपूरचा उन्हाळा आणि त्यात थंड पाण्याचा गोल्डफिश, म्हणून हवेचा पंप रात्री बंद करायचाच नाही. आवाज येतो म्हणून तुम्ही तो बंद करता, हे वहिनी फोनवर बोलल्या. पंपाखाली जाड फोमचा तुकडा ठेवा, आवाज बराच कमी होईल.

आता मूळ गोष्ट. शेततळ्यात मत्स्यबीज सोडण्याआधी शेण टाकतात ना, पाणी हिरवं व्हावं म्हणून? तुझ्या टाकीत तेच चाललंय. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारभर ऊन, वर रात्री अकरापर्यंत दिवा, आणि खत म्हणून उरलेले दाणे आणि माशांची विष्ठा. त्यातून अमोनिया होतो, जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट हे शेवाळाचं खाद्य. ऊन आणि खाद्य तसंच ठेवून कितीही औषध ओतलंस तरी ते परत येणारच.

म्हणून टाकी त्या खिडकीपासून हलव. भरलेली टाकी उचलायची नाही, काच तडकते. पाणी उपसून मग सरकवा. जमत नसेल तर खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटव. दिव्याला टायमर लाव, दिवसात सहा ते आठ तास पुरे. दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच. गोल्डफिश कायम भुकेल्यासारखाच वागतो, त्याच्याकडे बघून चिनू पुन्हा पुन्हा चिमूट टाकत असणार. तिला रागावू नकोस, दिवसभराचे दाणे सकाळीच एका छोट्या डबीत काढून दे.

आत्ताचं हिरवं पाणी काच घासून जाणार नाही. ते एकपेशीय शेवाळ पाण्यातच तरंगतंय, आणि नुसतं पाणी बदललं तर उरलेलं पुन्हा वाढतं. त्याला अंधार दे. आधी एक तृतीयांश पाणी बदल, मग टाकीला जाड चादर चहूबाजूंनी गुंडाळ, तीन दिवस दिवा नाही, पंप अखंड चालू. त्या तीन दिवसांत दाणे नाही दिलेस तरी तुझ्या मोठ्या गोल्डफिशांना काही होत नाही. चादरीआड रोज एकदा डोकावून मासे मात्र बघ. चौथ्या दिवशी पुन्हा एक तृतीयांश पाणी बदल, म्हणजे मेलेलं शेवाळ बाहेर जाईल.

दुसऱ्या फोटोत कोपऱ्यात तपकिरी थर दिसतोय. त्यावर बोट फिरव. पिठासारखा सहज पुसला गेला तर ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, नव्या टाकीत येतात आणि बहुतेक वेळा आपोआप जातात. फिल्टरच्या तोंडाशी काळे झुपके आहेत, ते चिवट. नाव ब्लॅक बिअर्ड असलं तरी ते लाल शेवाळाच्या कुळातलं, आणि नखाने खरवडूनही सहज निघत नाही. तेवढा भाग काढून बाहेरच घास आणि स्वच्छ धुऊन परत लाव. आणि कधी खडीवर निळसर-हिरवी बुळबुळीत चादर पसरली, तिला उग्र वास आला, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे जीवाणू. पाइपने ती ओढून घ्यायची आणि तळाची घाण काढायची.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्याकडे बोअर आहे. शेतीच्या पट्ट्यात भूजलात खतांचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तुझ्या बोअरचं पाणी त्याच्या आसपास असेल तर दर आठवड्याला पाणी बदलूनही तू खतच ओतत राहशील. म्हणून एकदा नायट्रेटची चाचणी करून घे, टाकीच्या पाण्याची आणि बोअरच्या, दोन्हींची. बोअरचं जास्त निघालं तर थोडं आरओचं पाणी मिसळ. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत घालू नकोस, बोअरमधले क्षार आणि नायट्रेट त्यात आणखी दाट झालेले असतात. नळाचं पाणी वापरलंस तर आधी क्लोरीन काढ, दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं.

फिल्टरचा स्पंज नळाखाली, आणि साबणाने तर कधीच, धुवायचा नाही. उपसलेल्या टाकीच्या पाण्याची बादली भर, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळ. गढूळ तपकिरी पाणी निघेल, स्पंज जरा मळकटच राहील, तो तसाच राहू दे. अमोनिया खाणारे जीवाणू त्यातच असतात. ते गेले की अमोनिया साचतो, आणि गोल्डफिशला शेवाळापेक्षा त्याचीच भीती जास्त.

दुकानदार सकर मासा घे म्हणेल. नको. लहानपणी तो शेवाळ खातो, मग फुटाहून मोठा होतो, दाण्यांना सोकावतो आणि रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटायला लागतो. टाकीत मावेनासा झाला की लोक नदीत सोडतात. कोलकात्याजवळच्या पाणथळ भागातल्या मासे पाळायच्या तळ्यांमध्ये त्याने मच्छीमारांना बेजार केलंय, काठात बिळं करतो. तसं चंद्रभागेत व्हायला नको. त्यापेक्षा एखादी नेराइट गोगलगाय आण. ती काच छान खाते आणि गोड्या पाण्यात तिची अंडी फुटत नाहीत, फक्त पांढरे ठिपके दिसतात.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो मनी प्लांट. एक फांदी घे, पानं हवेत आणि मुळं पाण्यात, फिल्टरच्या डब्यात किंवा जाळीमागे, म्हणजे मासे कुरतडणार नाहीत. मुळं सुटली की तो नायट्रेट ओढायला लागतो, शेवाळाच्या वाट्याला तेवढं कमी येतं. टाकीच्या आत ॲन्युबियास किंवा जावा फर्न ही पाण्यातली झाडं लाकडाला बांध. गोल्डफिश मऊ पानं फस्त करतो, पण ह्यांना सहसा तोंड लावत नाही.

थोडं शेवाळ मागच्या काचेवर राहिलं तर राहू दे. मासे तेच टोचत फिरतात, त्यांचं काही बिघडत नाही. समोरची काच तेवढी साबण न लावलेल्या स्क्रबरने पुसत जा.

अंधाराचे तीन दिवस झाले की मला पाण्याचा फोटो पाठव, आणि नायट्रेटचा आकडाही. चिनूला गोड पापा, वहिनींना नमस्कार.

तुझा,
मकरंद