समासातली शाई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. विज्ञानाच्या इतिहासातली जुनी पुस्तकं जमवायला घेणार, हे वाचून फार आनंद झाला. पण ‘कुणी काही खरडलेलं नको, कोरी करकरीत प्रतच घेईन’ हे काही मला पटलं नाही. त्यावरच भांडायला बसलोय.

माझ्याकडे १८५०च्या दशकातलं रसायनशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक आहे. त्यात पाण्याचं सूत्र ‘एचओ’ छापलंय, कारण तेव्हा बरेच जण ऑक्सिजनचा अणुभार ८ धरत. कुणा अनाम मालकाने ‘एच’च्या पायाशी बारीक २ घातलाय आणि कोष्टकात ८ खोडून १६ केलेत. शाई तपकिरी पडलीय. एके ठिकाणी खोडताना टाक इतका दाबलाय की पानाच्या मागे वळ उठलाय. १८६०मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाच्या मांडणीमुळे अणुभारांचा गुंता पुढे सुटत गेला, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण ते नवं गणित कुणाच्या तरी टेबलावर पोचलं आणि त्याने हाताशी असलेलं पुस्तक दुरुस्त करायला घेतलं, हे मला या प्रतीतच दिसलं. ही प्रत मी कुणाला देणार नाही.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकसचा १५४३चा ग्रंथ फारसा कुणी वाचलाच नाही, असं एकेकाळी म्हटलं जायचं. १९७०मध्ये खगोलशास्त्राचे इतिहासकार ओवेन गिंगरिच यांनी एडिंबरोच्या वेधशाळेत एक प्रत उघडली, तर ती टिपांनी भरलेली! ती एरास्मस रेनहोल्ड या खगोलशास्त्रज्ञाची निघाली. मग पुढची तीसेक वर्षं त्यांनी पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे ६०० प्रती शोधून त्यांची नोंद केली. कोण काय वाचत होतं, कुणाच्या टिपा कुणी उतरवून घेतल्या, ते त्यातून उलगडलं. केप्लरकडची प्रतही अशीच. ग्रंथाची निनावी प्रस्तावना कोपर्निकसची नसून छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसिअँडर या धर्मपंडिताची आहे, हे आधीच्या मालकाने तिथे हाताने लिहून ठेवलं होतं. कोऱ्या प्रतींनी यातलं काय सांगितलं असतं?

लेखकाच्या सहीमागे लागणार असशील तर मात्र जपून. १८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या भेटप्रतींवर ‘लेखकाकडून’ असं लिहिलेलं असतं, पण ते अक्षर प्रकाशकाच्या कारकुनाचं, डार्विनचं नव्हे. तरी त्या प्रती मोलाच्याच, कारण त्या खरोखर त्याच्या सांगण्यावरून गेल्या. गॅलिलिओच्या दुर्बिणीतल्या निरीक्षणांवरच्या १६१०च्या ‘सिडेरियस नुन्सियस’ची एक प्रत तर त्याची सही आणि चंद्राची रंगवलेली चित्रं यांच्यासकट नामवंत तज्ज्ञांनी अस्सल ठरवली होती. २०१२मध्ये इतिहासकार निक वाइल्डिंग यांनी दाखवून दिलं की सही सोडाच, अख्खी प्रतच बनावट आहे!

आणखी एक. पूर्वी बाइंडर पानं धुऊन टिपा घालवत, कडा कापून समास सारखे करत. त्यामुळे फार स्वच्छ पान दिसलं की मला आधी शंका येते. समासातल्या ओळींची टोकं छाटलेली दिसली, तर नंतर कापाकापी झालीय असं समज. मालकाचं नाव खरवडलेलं असेल तर अतिनील दिव्याखाली बघ, पुष्कळदा अक्षरं उमटतात.

पहिली प्रत ठरवण्याआधी मला फोटो पाठव. मुखपृष्ठाचा नको. पुट्ठ्याच्या आतली बाजू, पुढची-मागची कोरी पानं आणि मधली सर्वांत मळलेली चार पानं पाठव.

तुझाच,
मित्र